तापलेल्या माणसावर पाणी ओतायचं नाही म्हणे!

आत्याने काल घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली माझ्यासाठी लिहिलं, "तू उन्हात पळायला जातोस ना? नीट वाच." नीट वाचला. मथळा 'ऊन-थंडीत जीव वाचवणारे नियम', शेवटी 'किमान दहा जणांना पाठवा'. हा माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. आधीच्या दोन वेळा सोडून दिलं. पण आत्या पाठवते म्हणजे उद्या तिच्यासमोर कुणी उन्हाने कोसळलं, तर ती याच नियमांनी वागणार. म्हणून हे लिहितोय.

पहिला नियम: "बाहेर ४२ अंश असताना थंड पाणी प्यायल्यास तापलेल्या नसा आकसून फुटतात." अहो, नसा ४२ अंशांना तापलेल्याच नसतात! बाहेर बेचाळीस असो की दोन, आतलं रक्त ३७ अंशांच्या आसपास राखायचं काम मेंदूतला हायपोथॅलॅमस रात्रंदिवस करत असतो. आणि पाणी पोटात जातं, नसांत नाही. हिशेबच करायचा तर ५ अंशांचं पाव लिटर पाणी ३७ अंशांवर आणायला साधारण ८ किलोकॅलरी लागतात. ७० किलोच्या माणसाचं तापमान त्याने जेमतेम ०.१४ अंश उतरेल. गार पाणी घटाघट प्यायल्यावर कपाळात कळ जाते, हे खरं. कळ जाते आणि मिनिटाभरात थांबते.

आता दुसरा नियम. माझं डोकं फिरलं ते इथे. "उष्माघात झालेल्याच्या अंगावर थंड पाणी ओतू नये. त्वचेची छिद्रं बंद होऊन उष्णता आत कोंडते. जाड चादर पांघरून घाम काढावा."

उष्माघात म्हणजे काय? शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं, माणूस बरळायला लागतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो. हा ताप नव्हे. तापात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी वर सरकवतो, म्हणून पॅरासिटामॉल चालतं. उष्माघातात पातळी जागेवरच असते, फक्त शरीराची उष्णता बाहेर टाकायची ताकद संपलेली असते. तिथे गोळीचा उपयोग नाही. आणि अशा माणसावर चादर? घाम निघाल्याने अंग गार होत नाही, घाम वाळल्याने होतं. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. चादरीखाली तो वाळणार कुठे? नुसता निथळणार, शरीरातलं पाणी संपवणार आणि उष्णता जिथल्या तिथे ठेवणार.

छिद्रांच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. गार पाण्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. कडक उन्हात याच वाहिन्यांतून मिनिटाला ६ ते ८ लिटर रक्त त्वचेकडे धावू शकतं, एरवी पाव लिटरच्या आसपास. तेव्हा वाहिन्या आकसल्या तर उष्णता आत अडकेल, ही शंका एकेकाळी डॉक्टरांनाही होती. पण पाणी हवेच्या वीसेक पटींहून अधिक वेगाने उष्णता ओढून घेतं. वाहिन्या आकसूनही शरीर झपाट्याने निवतं. याचा पुरावा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या फॅल्मथ शर्यतीचा. ऐन ऑगस्टमधली ही ११ किलोमीटरची धाव. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. उष्माघाताचे २७४ रुग्ण, सरासरी तापमान ४१ च्या वर, उपचार म्हणजे शर्यतीच्या जागीच गार पाण्याच्या टबात बुडवणं. मृत्यू शून्य. मेसेज लिहिणाऱ्याने चादरीचा असा एक तरी आकडा दाखवावा.

हो, वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला अचानक गार पाण्यात बुडवणं धोक्याचं ठरू शकतं. त्याचं अंग ओलं करून जोरात वारा घालायचा. रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत हात चालू ठेवायचे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. चादर मात्र कुणालाच नाही.

तिसरा नियम: "घामावाटे विषं बाहेर पडतात, म्हणून पंखा लावू नये." घाम म्हणजे पाणी आणि मीठ, बाकी नाममात्र. विषांचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बघतात. घामाची करामत बघायची तर चार्ल्स ब्लॅग्डनकडे जा. हा ब्रिटिश डॉक्टर सुमारे १२७ अंश तापवलेल्या खोलीत काही मिनिटं थांबून धडधाकट बाहेर आला आणि १७७५ मध्ये ते छापलंही. त्या प्रयोगांत तिथे ठेवलेलं मांस शिजलं, माणसं नाही. कारण हवा कोरडी होती, घाम वाळत होता. दमट हवेत हेच गणित फिसकटतं. घाम वाळलाच नाही तर बसल्या जागी, सावलीतही जीव जाऊ शकतो. पंख्याबद्दल एवढं खरं की हवा त्वचेपेक्षा बरीच गरम आणि अंग कोरडं असेल, तर तो उलट तापवतो. मग अंग ओलं करा, पंखा कशाला बंद करता?

चौथा थंडीचा. "निम्मी उष्णता डोक्यातून जाते." डोकं म्हणजे अंगाचा साधारण दहावा हिस्सा, उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात जाते. २००८ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ही समजूत खोडून झाली आहे. टोपी घाला, कान गार पडतात.

पाचवा नियम आत्याच्या मेसेजमध्ये नव्हता, काकांकडच्या मूळ मेसेजमध्ये होता: "थंडीत एक पेग घ्यावा, अंग गरम राहतं." दारूने त्वचेकडचं रक्त वाढतं, ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. म्हणजे उलटंच. पण गंमत अशी की आत्याने तेवढी ओळ पुढे पाठवण्याआधी गुपचूप कापली होती. आत्या, तीच कात्री दुसऱ्या नियमावर चालव आणि मग पाठव कुणाला पाठवायचं ते.