वाई म्हणजे विराटनगरी? पुराव्यांची तपासणी

वाई हीच महाभारतातील विराटनगरी, पांडवांचा अज्ञातवास येथेच झाला, आणि पांडवगड, वैराटगड, भीमकुंड व ढोल्या गणपतीची मत्स्याकृती भिंत हे त्याचे ‘जिवंत पुरावे’ आहेत, असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातच पुढे वाईचे सगळे घाट आणि देवळे नाना फडणवीसांनी बांधली असेही ठोकून दिलेले आहे. ज्या गावात संस्कृत विद्येच्या अध्ययनाची प्राज्ञपाठशाळा 1916 पासून उभी आहे आणि जेथे मराठी विश्वकोशाचे संपादन झाले, त्या गावाच्या नावावर असे काही खपावे याची गंमत वाटते.

पहिला प्रश्न महाभारतालाच विचारावा. विराटपर्वात पांडव दशार्णांच्या उत्तरेकडून व पांचालांच्या दक्षिणेकडून, यकृल्लोम आणि शूरसेन यांच्या मधून विराटाच्या मत्स्यदेशात शिरतात. म्हणजे हा सगळा मथुरेच्या आसपासचा मुलूख आहे. त्रिगर्तांचा राजा सुशर्मा विराटाच्या गाई पळवतो आणि दुसऱ्याच दिवशी कौरवसेना उत्तरेकडून येऊन धडकते. युद्धापूर्वी पांडवांचा मुक्काम विराटाच्याच राज्यातील उपप्लव्य येथे असतो, आणि तेथून शिष्टाईला निघालेला श्रीकृष्ण वाटेत वृकस्थल येथे एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी हस्तिनापुरात पोहोचतो. वाईहून हस्तिनापूर हजाराहून अधिक किलोमीटर आहे. रथ कितीही वेगवान मानला तरी एका मुक्कामात हे अंतर तुटत नाही. अभ्यासक मत्स्यांची राजधानी राजस्थानातील बैराट येथे मानतात, ती याच भूगोलामुळे. शिवाय विराटाच्या नगरीवर हक्क सांगणारी वाई एकटी नाही. गुजरातेत धोळका आहे, कर्नाटकात हानगल आहे, आणि तेथील लोकांचीही आपापल्या दंतकथेवर तितकीच श्रद्धा आहे.

गडांचे म्हणाल, तर पांडवगड आणि वैराटगड या दोहोंचे बांधकाम परंपरेने बाराव्या शतकातील शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे जाते. गडाला पांडवांचे नाव मिळाले एवढ्यावरून पांडव तेथे राहिले असे ठरवायचे, तर नाशिकची पांडवलेणीही पांडवांचीच म्हणावी लागतील. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत आणि तसे सांगणारे सातवाहन व क्षत्रप काळातील शिलालेख तेथेच भिंतींवर आहेत. जुने, अवघड आणि कर्ता विस्मरणात गेलेले बांधकाम दिसले की ते पांडवांच्या नावावर चढवायचे, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. भीमकुंड आळीच्या नावालाही हेच उत्तर पुरेसे आहे. वाई परिसराची खरी प्राचीनता हवी असेल तर लोहाऱ्याची बौद्ध लेणी जवळच आहेत. त्यांचा उल्लेख मात्र या मजकुरात कोठेही नाही.

सर्वांत विनोदी पुरावा ढोल्या गणपतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीचा आहे. विराटाचा देश मत्स्य, म्हणून गणपतीचे देऊळ माशासारखे, असा हा तर्क. देऊळ बांधले गणपतराव भिकाजी रास्ते यांनी, 1762 मध्ये, तेही थेट कृष्णेच्या पात्रालगत. मागच्या बाजूला जाऊन पाहिले तर भिंत सपाट नसून दोन्हीकडून निमुळती होत पुढे टोकदार झालेली दिसते. नावेची नाळ पाणी कापते, तसे या टोकावर पुराचे पाणी दुभंगते आणि दोन्ही अंगांनी सरकून जाते. सगळा लोंढा सपाट भिंतीवर आदळत नाही. वरच्या अंगाला धोम धरण होण्याआधी कृष्णेच्या पुराला कसलाच अडसर नव्हता, तेव्हा या टोकाचे मोल बांधणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक असणार. अठराव्या शतकातील पाथरवटांची ही अक्कल मत्स्यदेशाच्या खात्यावर जमा करणे हा त्यांच्यावर सरळ अन्याय आहे.

राहिले नाना फडणवीस. त्यांचा जन्म 1742 चा. गणपतीचे देऊळ उभे राहिले तेव्हा ते विशीत होते, आणि शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांनी 1757 मध्ये, म्हणजे त्याही आधी बांधले. वाईवर ठसा आहे तो रास्ते घराण्याचा. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या, त्यामुळे या घराण्याचे पेशव्यांशी सोयरिकीचे नाते होते.

नानांचे काम पाहायचे तर तीनेक किलोमीटरवरील मेणवलीला जावे. तेथे नदीकाठी त्यांचा वाडा आहे, खाली घाट आहे, आणि मेणेश्वराच्या देवळाजवळच्या छोट्या घुमटीत पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर तिकडच्या चर्चमधील घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या, त्यांतलीच ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावातील आकृती आणि 1707 हे साल आजही वाचता येते.