शिळ्या पाण्याची राखण

आमच्या घरात काल भरलेलं पाणी आज प्यायची पद्धत नाही. सकाळी नळ आला की आई कळशी घासते, उरलेलं पाणी तुळशीला घालते आणि ताजं भरते. पाणी शिळं होतं, हा तिचा सिद्धांत आहे आणि त्यावर चर्चा होत नाही. अशा घरात मी गप्पी मासे आणले.

माशांना शिळंच पाणी लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि ते असायलाच हवं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळापर्यंत शिल्लक राहिलं पाहिजे, म्हणजे वाटेत फुटक्या पाइपातून काही शिरलं तरी आपल्याला गॅस्ट्रो होत नाही. माशांचे कल्ले मात्र फार नाजूक. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी दीर्घकाळाची म्हणून जी मर्यादा सांगितली आहे, ती ०.०११ मिलिग्रॅम. शिवाय फिल्टरच्या स्पंजात माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे जिवाणू राहतात. क्लोरीन त्यांनाही जंतू समजून मारतं. हे आपल्यातले आहेत, हे त्याला कोण सांगणार?

उपाय तसा फुकटचा. बादली भरायची आणि चोवीस तास उघडी ठेवायची. क्लोरीन उडून जातं. हवेचा पंप सोडला तर आणखी लवकर. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्याने भरल्या घरात एक भरलेली बादली दिवसभर भरलेली ठेवून दाखवावी.

मावशी त्यातच फडकं बुडवतात. "भरलेलीच होती, म्हटलं कशाला नळ सोडा." चिरंजीव क्रिकेटचे बूट त्यात धुतात. या सगळ्यांतून बादली वाचली तर आई तिच्यावर परात झाकते. "उघडं पाणी ठेवतात का? पाल पडेल." झाकलेल्या बादलीतून क्लोरीन जाणार कुठून? मी परात काढतो, ती ठेवते. शेवटी बादलीवर चिठ्ठी चिकटवली: 'माशांचे पाणी. हात लावू नये.' ती ओली होऊन आत पडली, शाई पसरली, आणि पाणी घाण झालं म्हणून बायकोने ओतून दिलं.

मग दुकानातून अँटी-क्लोरीनची बाटली आणली. त्यात बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे पूर्वी फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत वापरायचे तेच हायपो. क्लोरीनचा निकाल मिनिटा-दोन मिनिटांत लागतो. "किती थेंब?" असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "टाकीच्या हिशोबाने." पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीनचा डोस वाढतो, नळ सोडताच पोहण्याच्या तलावासारखा वास येतो, तेव्हा हिशोब आणखी वेगळा. घरी आईने ड्रॉपर पाहिला आणि म्हणाली, "मुक्या जिवांना केमिकल घालतोस?" रोज सकाळी ती स्वतः कळशीत काय भरते, हे मी बोललो नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या मामेभावाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, तुझं बरंय. त्यांच्याकडे २००४ पासून पाण्यात क्लोरामिन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असतं, आणि ते बादली ठेवून जात नाही. तिथे थेंबांशिवाय गत्यंतर नाही. पण तिथे बादलीत बूटही कोणी धुत नाही.

परवा आरोग्य विभागाच्या ताई आल्या, टॉर्च घेऊन. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, साठवलेलं पाणी ओता, डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, हे त्यांनी दारातच सांगितलं. मग कुंड्यांच्या ताटल्या पाहिल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे पाहिला आणि बाथरूममध्ये माझ्या बादलीसमोर थबकल्या.

"हे कधीचं?"

"कालचं," मी अभिमानाने म्हणालो.

डासाला अंड्यातून उडेपर्यंत आठवडा तरी लागतो, माझं पाणी एकच दिवसाचं आहे, असं मी सांगेपर्यंत आईने बादली ओतलीसुद्धा. सरकारी पाठिंबा मिळाल्यावर ती थांबते थोडीच!

जाता जाता ताईंना हॉलमधली टाकी दिसली. "अय्या, गप्पी! हे आम्हीच सोडतो ना हौदांमध्ये. अळ्या खातात. थोडे देता का? मागच्या चाळीत हवेत."

आई लगेच डबा घेऊन नळाकडे निघाली.

"नळाचं नको हं आजी, क्लोरीन असतं, मरतील. टाकीतलंच घ्या."

दोन तांबे टाकीतून गेले. आता तेवढं भरायला कालचं पाणी हवं होतं, आणि ते नुकतंच गटारात गेलं होतं. मी काही बोलणार इतक्यात आई माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस ना? नळाचं डायरेक्ट घालायचं नसतं. तुला कोणी तरी सांगायलाच हवं होतं."