आयत्या वेळचे विषय

घरून येणाऱ्या फोनवर गेली काही वर्षे एकच पालुपद ऐकू येतं: "नगरसेवक नव्हते तेव्हाच कामं झाली, प्रशासकच बरा. चार जणांना विचारायला गेलं की काम अडतं." मुंबई, पुणे या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा, दोन्हींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे राहिले. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. याला वेग म्हणायला माझं मन तयार नाही. विचारल्यामुळे काम अडत नाही. कुणाला, कधी आणि कोणता कागद हातात देऊन विचारायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून अडतं.

इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, गावाची वार्षिक टाउन मीटिंग भरते, म्हणजे मतदारांनी स्वतः निर्णय घेण्याची सभा. वॉरंट, म्हणजे सभेची विषयपत्रिका, किमान 7 दिवस आधी लागतं आणि त्यात नसलेल्या विषयावर मतदान होत नाही. फक्त 10 नोंदणीकृत मतदारांनी सह्या करून वेळेत दिलेला विषय सिलेक्ट बोर्डाला, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाला, वॉरंटमध्ये घ्यावाच लागतो. फायनान्स कमिटी आकडे आधी तपासते आणि आपली शिफारस मतदारांपुढे ठेवते. सभा चालवतो मॉडरेटर. तो निवडून आलेला असतो, पण गावाचा कारभार त्याच्याकडे नसतो, त्यामुळे ठराव पडला तरी त्याचं काही बिघडत नाही.

आता आपली ग्रामसभा पाहा. कायदा दुबळा नाही: वर्षाला किमान चार सभा, गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. पण सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. मग मुद्दाम पहिली सभा रिकामी जाऊ द्यायची आणि दुसरीत हवं ते उरकायचं. खुर्चीत बहुतेकदा सरपंचच असतात, म्हणजे ज्यांच्या कामाचा हिशोब मागायचा त्यांच्याच परवानगीने बोलायचं. विषयपत्रिकेच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते: "आयत्या वेळी येणारे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने." सगळी मेख या ओळीत आहे. लोक उठून चपला शोधू लागले की जागेचा, ठेक्याचा विषय निघतो. सूचक, अनुमोदक, "सर्वानुमते मंजूर". इतिवृत्त नंतर सावकाश लिहिलं जातं. ती एक ओळ काढली तरी निम्मं काम होईल.

इथलं सगळं आदर्श आहे असं नाही. शाळेच्या बजेटच्या रात्री सभागृह भरतं, मतदान झालं की ओसरतं आणि उरलेले मूठभर लोक रस्ते, गटारांचे निर्णय घेतात. म्हणून काही गावांनी एकदा झालेला निर्णय त्याच रात्री पुन्हा उघडण्यावर कडक अटी घातल्या आहेत.

आणि हे शिकायला इतक्या लांब यायची गरज नव्हती, हे मला जास्त लागतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने अभ्यासगट वेगळे ठेवले आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी. आधी माहिती, मग चर्चा, आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकमत झालं नाही तर विषय पुढच्या सभेत. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो अशा बैठकांच्या बळावर. त्या गावाला कुणी प्रशासक नेमून देऊन बघावा!

"तू तिकडे बसून सांगू नकोस," असं मला ऐकवलं जातं. राग येतो, कारण त्यात तथ्य आहे. तिकडच्या ग्रामसभेच्या हजेरीपटावर माझी सही नसते. आणि इथे मॉडरेटर सुरुवातीलाच मतदार नसलेल्यांना वेगळ्या रांगेत बसायला सांगतो. माझी खुर्ची त्या रांगेत आहे. हात वर करण्याची वेळ आली की तिथल्या कुणाचाच हात मोजत नाहीत.