पोटात किती गेलं, ते दिसतं कुठे?

बंड्या बारा दिवसांनी कट्ट्यावर उगवला. टी-शर्टच्या डाव्या खांद्यावर वाळलेल्या दुधाचा डाग होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. पक्यानं "काय बापमाणूस!" म्हणून पाठीत थाप घातली, तर हा दचकून म्हणाला, "हळू रे, उठेल." बाळ घरी होतं.

बसल्या बसल्या त्यानं मोबाइल काढून आमच्यापुढे धरला. त्यात तक्ता. रात्री 1.10, डावीकडे 14 मिनिटं. 2.05, उजवीकडे 9 मिनिटं. 3.15, पुन्हा डावीकडे. असं पार उजाडेपर्यंत.

"आता तुम्हीच बघा. तासातासाला! पाजून खाली ठेवलं की परत टॅहँ. दूध पुरत नाहीये, दुसरं काय? आजपासून रात्री एक बाटली पावडरच्या दुधाची. ठरलंय माझं."

इथून पेटलं.

मास्तर सगळ्यांत आधी सरसावले. "बाटली नको, घड्याळ लाव. दर तीन तासांनी पाजायचं, मध्ये रडलं तर रडू दे. एकदा सवय लागली की लागली. माझी दोन्ही पोरं घड्याळावर वाढली."

"मास्तर, तुमच्या शाळेत घंटा होते तशी बाळाच्या पोटात होत नाही," सिस्टर म्हणाली. प्रसूती वॉर्डात तिची निम्मी हयात गेली आहे, त्यामुळे या विषयात ती कुणाचंच ऐकून घेत नाही. "पहिल्या दिवशी एका वेळी त्याच्या पोटात मावतं किती? पाच-सात मिलिलिटर. चमचाभर. म्हणून पहिलं चिकाचं दूध थोडंसंच येतं आणि तेवढंच पुरतं. पुढे पोट वाढतं, पण आईचं दूध पचतंही भरभर. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं हे धडधाकट बाळाचं लक्षण आहे. आणि हे आठ-बारा वेळा काही समान अंतरानं येत नाहीत. संध्याकाळी लागोपाठ चार वेळा पिईल, मग तीन तास गुडुप्प."

"पण मी म्हणतो, पुरतं की नाही हे कळायचं कसं?" पक्यानं मुद्द्याचं विचारलं. "बाटलीवर रेघा तरी असतात. आईच्या अंगावर कुठे मिलिलिटर लिहिलेत?"

"वर बघायचंच नाही. खाली बघायचं. लंगोट किती भिजले?"

बंड्या मोबाइल चाळायला लागला. वर केलं, खाली केलं. त्या अख्ख्या तक्त्यात मिनिटं होती, डावं-उजवं होतं, एका ठिकाणी उचकीचीही नोंद होती. लंगोटाची एक नाही.

"ते... ते माझ्याकडे नाही. ती बदलते."

यावर जे हसू उसळलं त्यात मास्तरही सामील झाले. शेवटी त्यानं बायकोला फोन लावला, बाजूला जाऊन हळू आवाजात बोलला आणि परत येऊन चेहरा शक्य तितका कोरा ठेवत म्हणाला, "कालपासून शू आठ वेळा. शी चार. पिवळी, पातळ, दाणेदार."

"वजन?"

"जन्माचं 2900. चौथ्या दिवशी 2700 झालं होतं, तेव्हाच माझं धाबं दणाणलं. काल 2950."

सिस्टरनं नुसते हात वर केले. मग तिनं जे सांगितलं ते मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माझ्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात टक्क्यांपर्यंत उतरतं. दहा टक्क्यांपर्यंत गेलं की डॉक्टरांनी पाजणं नीट बघायला हवं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत आलं पाहिजे. पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट. मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले जड भिजले पाहिजेत. एवढं जमत असेल तर दूध पुरतंय, मग बाळ कितीही आकांत करो. रडण्यावरून दुधाचा हिशोब लागत नाही. तसंही रडणं ही भुकेची शेवटची घंटा. त्याआधी बाळ तोंड इकडेतिकडे वळवून चोखायला शोधतं, मूठ तोंडात घालतं. तेव्हाच घ्यायचं. रडून लालबुंद झालेलं बाळ धड तोंडात धरतही नाही.

"ठीक आहे, पण एक बाटली दिल्यानं काय आभाळ कोसळतंय?" बंड्या हटेना.

"कोसळत नाही. पण दूध मागणीवर तयार होतं. जेवढं ओढलं जाईल तेवढं बनतं. रात्री ते बनवणारं हार्मोन जास्त असतं, आणि तू नेमकं रात्रीचंच पाजणं काढतोयस. छाती भरलेली राहिली की शरीर समजतं, इतकं नको. आठवड्यानं खरंच कमी पडायला लागलं की तू परत इथे येऊन म्हणशील, बघा, मी सांगत नव्हतो?"

इतका वेळ गप्प बसलेली चिऊ एकदम उसळली. "हो ना. मग आम्ही ज्यांनी बाटली दिली त्यांनी काय, आळशीपणा केला?"

कट्टा गप्प.

चिऊनं वीस दिवस जिवाचं रान केलं होतं, हे आमच्यातल्या दोघांनाच माहीत होतं. जखमा झालेल्या असताना दात-ओठ खाऊन पाजलं. पोर झोपाळू, लंगोट दिवसाला तीन, वजन जन्माच्या आकड्याला शिवेना. शेवटी डॉक्टरांनीच वरचं दूध सुरू करायला सांगितलं. "आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न काय विचारायची? अंगावर पाजतेस ना? माझं वजन, माझी झोप, माझे टाके, कुणाला काही नाही."

सिस्टर पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, तुझं लंगोट मोजून, वजन करून ठरलं. याचं नुसतं टॅहँ ऐकून ठरतंय. भांडण तेवढंच आहे."

माझ्या मते सगळ्या वादाचं सार त्या वाक्यात होतं, पण मास्तरांना ते ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी तेवढ्यात सुचवलं, "मग बाटली नको तर थोडं उकळलेलं पाणी पाजा. उकाडा किती आहे."

यावर चिऊ आणि सिस्टर दोघी एकाच वेळी ओरडल्या. आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी नको, कितीही उकाडा असो. तान्ह्याच्या मूत्रपिंडांना जादा पाणी झेपत नाही. रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. मधाचं बोटसुद्धा वर्षभर नको, त्यातल्या जिवाणूंनी बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो.

याच कारणानं पावडरच्या दुधात पाणी वाढवायचं नाही, असं चिऊनं बजावलं. मापाचा चमचा सपाट, ना कमी ना शीग. इथे मला माझं पाप कबूल करावं लागलं. आमचं पोर रात्री झोपावं म्हणून मी दोन आठवडे गुपचूप अर्धा चमचा जास्त घालत होतो. झोपलं नाहीच. वर शी खड्यासारखी झाली. डॉक्टरांनी डबा हातात देऊन त्याच्यावरच्या सूचना मला मोठ्यानं वाचायला लावल्या. त्या वाचनात कळलं की पाणी उकळून ते 70 अंशांखाली जायच्या आत पावडर मिसळायची, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाटली गार पाण्याखाली धरून मनगटावर थेंब टाकून बघायचा. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं, बाळानं तोंड लावून उरलेलं ओतून द्यायचं. मी उरलेलं पुढच्या खेपेला चालवत होतो, हे तेव्हाही सांगितलं नाही. आज सांगतोय.

मग सिस्टरनं मास्तरांचं जॅकेट मागून घेतलं, गुंडाळी केली आणि कडेवर घेतली. "हे बाळ. मान वळवलेली नको, पोटाला पोट. नाक स्तनाग्रासमोर. तोंड आऽऽ असं मोठं उघडलं की बाळाला आईकडे आणायचं. आईनं वाकायचं नाही. नुसतं टोक नाही, काळा भाग तोंडात गेला पाहिजे, खालच्या बाजूचा जास्त. हनुवटी टेकलेली. दुखत असेल तर पकड चुकली. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं, परत लावायचं." चिऊ पुटपुटली, "सांगायला सोपं आहे." तिचंही बरोबर होतं. हे पहिल्या आठवड्यात कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

जॅकेट फिरत फिरत बंड्याकडे आलं. त्यानं ते खांद्यावर घेतलं आणि नकळत थोपटायला लागला. तिथला डाग कसला ते पक्याला आता उमगलं. ढेकर येवो न येवो, पाच-दहा मिनिटं उभं धरायचं, एवढं बंड्याला येत होतं.

"आणि झोपवतोस कसं?"

"कुशीवर. उशी लावून. उताणं ठेवलं आणि ओकलं तर घशात अडकेल ना."

"उताणंच," सिस्टर म्हणाली. "उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते, अन्ननलिका खाली. ओकलेलं खालीच जातं. गादी टणक, उशी नाही, खेळणी नाहीत. अमेरिकेत 1994 मध्ये बाळाला उताणं झोपवा म्हणून मोहीम काढली, त्यानंतर काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याच्या आसपास आले." मास्तरांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी फक्त जॅकेटची घडी सारखी केली.

नाळेवर काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, एक ते तीन आठवड्यांत आपोआप गळते. हे दोन मिनिटांत आटोपलं. तापाचं मात्र तिनं बंड्याकडून दोनदा वदवून घेतलं: तीन महिन्यांच्या आत 38 अंश सेल्सिअस किंवा वर ताप आला, बाळ प्यायला उठेचना, लंगोट कोरडे राहायला लागले, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला, तर सकाळची वाट बघायची नाही.

बंड्या बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण ती झोपलेलीच नाहीये रे. बारा दिवस. काल पाजता पाजता तिची मान लटकली."

म्हणजे बाटली बाळासाठी नव्हतीच.

"मग तिचं पाजणं कशाला काढतोस? बाकीचं काढ," चिऊ म्हणाली. "बाळाला तिच्याजवळ तू आण. पिऊन झालं की ती आडवी. ढेकर तुझी, लंगोट तुझे, परत झोपवणं तुझं. पुढे पाजणं रुळलं की ती दूध काढून ठेवेल. ते बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. तेव्हा एक खेप खुशाल तू पाज."

बंड्यानं तक्ता उघडला, शेवटी एक नवा रकाना पाडला आणि त्यावर 'शू' लिहिलं. तेवढ्यात फोन थरथरला. तो उठला, चपला उलट्या घातल्या, सुलट्या केल्या आणि सुटला. मास्तरांचं जॅकेट खांद्यावर तसंच होतं. कोपऱ्यावर वळेपर्यंत तो ते थोपटत होता.