हायडा मुखवट्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो. आमच्या व्हँकुव्हरच्या दुकानातून घेतलेल्या हायडा मुखवट्याबद्दलची तुमची तक्रार दोनदा वाचली. (हायडा म्हणजे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या बेटांवरचे मूळ रहिवासी.) मुखवट्याचा खालचा ओठ बिघडलाय, रंग एकाच गालावर आहे, १,४०० डॉलर घेऊन कागदावर मात्र ‘हायडा शैली’ लिहून दिलं आणि पुण्याला पोचल्यावर लाकडाला भेग गेली, असं तुम्ही लिहिलंत.

आधी भेगेचं सांगतो, कारण ती चूक माझी. मुखवटा ऑल्डर या इकडच्या झाडाच्या लाकडाचा आहे. व्हँकुव्हरच्या दमट हवेतलं लाकूड पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं. हे मला ठाऊक होतं, बांधून देताना तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, माफ करा. फोटोत भेग कपाळाच्या वरच्या कडेला, बोटाच्या पेराएवढी दिसते. तिच्यात लांबी किंवा फेव्हिकॉल भरू नका. पावसाळ्यात ती बरीचशी मिटण्याची शक्यता आहे. तोवर मुखवटा एसीच्या झोतापासून आणि उन्हाने तापणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा.

ओठ मात्र बिघडलेला नाही. हा चेहरा एका मानाच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईचा आहे. पूर्वी हायडा बायका खालचा ओठ टोचून त्यात चकती बसवत. आधी लहान, मग वयाबरोबर मोठी. मोठी चकती म्हणजे बाई मोठ्या घरची. ओठावरून अंगठा फिरवून बघा, चकतीची कड हाताला लागेल आणि मधला भाग किंचित खोलगट लागेल. तो खोलगटपणा वाकड्या पात्याच्या सुरीने काढलाय. मी समोर बसून पाहिलंय, एकेक ढलपी नखाएवढी निघत होती.

रंगाचंही तसंच. समारंभात चेहरा रंगवताना दोन्ही बाजू सारख्या हव्यात असा हायडांचा आग्रह नसे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी मुखवट्यांवर ते दिसतं. डाव्या गालावरचा काळा-लाल पट्टा नाकावरून पलीकडे जाऊन थांबतो, तो तिथेच थांबायचा आहे. पूर्वी लाल गेरूचा, काळा कोळशाचा असे आणि रंग धरायला सामन माशाची अंडी चावून त्यात कालवत. तुमच्या मुखवट्यावर ॲक्रिलिक आहे, ते बिलावर लिहिलंय.

आता ‘शैली’. इथे तुमचं अर्धं बरोबर आहे. कोरणारे गृहस्थ हायडा नाहीत. ते याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या जमातीचे, पण शिकले मॅसेट या हायडा गावातल्या एका हायडा गुरूकडे. हायडांमध्ये कावळा आणि गरुड असे दोन मोठे गट, आणि त्यांतल्या प्रत्येक घराण्याची चिन्हं ही त्या घराण्याची मालमत्ता. परक्याने ती कोरायची नसतात. म्हणून त्यांनी कुणाचंही चिन्ह न घेता साधा माणसाचा चेहरा कोरला आणि कागदावर ‘शैली’ लिहायला लावलं. पण शोकेसमधल्या पाटीवर तो शब्द नव्हता. तुमचा अभिप्राय वाचला त्याच संध्याकाळी पाटी बदलली.

किमतीबद्दल मला मनापासून बोलायचंय. “आदिवासी वस्तूला इतके पैसे कशाला, बाजारात चाळीस डॉलरला मिळतो,” असं तुम्ही लिहिलंत. चाळीस डॉलरचा मुखवटा साच्यातून निघतो. हा पाच आठवडे एका माणसाच्या मांडीवर होता. आणि ही कला सुखासुखी आपल्यापर्यंत आलेली नाही. १८६२ च्या देवीच्या साथीने हायडांची गावंच्या गावं ओस पडली. ज्या समारंभांत हे मुखवटे घालून नाचत, त्या पॉटलॅचवर कॅनडा सरकारने १८८५ ते १९५१ बंदी घातली. मुखवटे जप्त झाले, संग्रहालयांत गेले. १९६९ मध्ये बावीस वर्षांच्या रॉबर्ट डेव्हिडसन या हायडा कलाकाराने मॅसेटला कोरीव खांब उभा केला, तो तिथे जवळजवळ नव्वद वर्षांनी उभा राहिलेला पहिला खांब. व्हँकुव्हरच्या विमानतळावरच्या ज्या हिरव्या नावेच्या शिल्पापुढे तुम्ही फोटो काढलात, ते शिल्पकार बिल रीड यांचं, तेही हायडाच. या माणसांकडून पुढे आलेल्या हाताला मी चाळीस डॉलर देऊ शकत नाही.

तरीही मुखवटा नकोच असेल तर परत पाठवा. पूर्ण पैसे देईन, कुरिअरचा खर्चही माझा. ठेवायचा असेल तर चिरंजीव पुढच्या वेळी इकडे येतील तेव्हा त्यांच्याबरोबर पाठवा, कारागीर भेग फुकट सांधून देतील. पॅकिंगचा खोका मात्र टाकू नका, ओठाला टेकू देणारा फोम त्यातच आहे.