मलजल पंपांवाचून शहर चालेल का? एका फिरत्या दाव्याला उत्तर

मलजल उदंचन केंद्रे, म्हणजे बोलीभाषेतली पंपिंग स्टेशने, ही निव्वळ वीज खाणारी सोय आहे, पाणी उताराने आपोआप वाहते, मोहेंजोदडोत आणि जुन्या लंडनमध्ये पंपांवाचून भागत होते, सिंगापूरने तर ही केंद्रे बंदच केली आणि मुंबईत ती असूनही दर पावसाळ्यात शहर तुंबते, अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते पटकन पटते.

पाणी उताराने वाहते, हे कोणीच नाकारत नाही. मात्र मलवाहिनीत ते नुसते वाहून भागत नाही. वाळू आणि मैला तळाशी बसू नये म्हणून त्याला सेकंदाला किमान 0.6 मीटर वेग लागतो. लहान व्यासाच्या वाहिनीला त्यासाठी 200 मीटरला 1 मीटर उतार दिला, तर 2 किलोमीटरवर तिचा तळ 10 मीटर खाली गेलेला असतो. मोठ्या वाहिन्यांना उतार कमी पुरतो, पण खाली जाणे काही थांबत नाही. मुंबईसारख्या भराव घालून वाढवलेल्या सपाट शहरात, जिथे थोडे खणले की पाणी लागते आणि त्याखाली काळा कातळ, तिथे ही खोली किती वाढवत नेणार? शिवाय प्रक्रिया केंद्राच्या टाक्या जमिनीच्या पातळीवर असतात, त्यामुळे खोल गेलेले मलजल कुठेतरी वर उचलावेच लागते.

मोहेंजोदडोत पंप नव्हते, हे खरे. पण ते उंचवट्यांवर वसलेले, आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे नगर होते. लंडनचा दाखला तर उलटाच पडतो. तिथली मलवाहिन्यांची व्यवस्था आखणारे अभियंते बझलजेट यांच्या योजनेत शक्य तिथे उतारच वापरला होता, तरीही 1865 मध्ये क्रॉसनेसला आणि 1868 मध्ये ॲबी मिल्सला वाफेच्या इंजिनांवर चालणारी उदंचन केंद्रे उभारावी लागली. क्रॉसनेसला मैलापाणी पंपाने वर चढवून साठवत आणि ओहोटी लागली की थेम्समध्ये सोडत.

सिंगापूरचे उदाहरण अधिक गंभीरपणे घ्यायला हवे. तिथे 2008 मध्ये क्रांजी ते चांगी असा 48 किलोमीटरचा खोल बोगदा पूर्ण झाला आणि त्यामुळे वाटेतली अनेक लहान केंद्रे खरोखरच बंद करता आली. मात्र चांगीला पोहोचल्यावर तेच मलजल प्रचंड पंपांनी जमिनीवर आणावे लागते. म्हणजे विखुरलेले उदंचन एका जागी आले, इतकेच.

विजेचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. 1000 लिटर पाणी 10 मीटर उचलायला पंप आणि मोटरची एकत्रित कार्यक्षमता 60 टक्के धरली तरी सुमारे 0.045 युनिट लागते, म्हणजे एका युनिटमध्ये 20 हजार लिटरहून अधिक मलजल वर चढते. माणशी रोजचे मलजल 108 लिटर धरले, तर हे जवळपास 200 माणसांचे एका दिवसाचे झाले. लांब वाहिनीतल्या घर्षणाने खर्च वाढतो हे मान्य, तरीही याला उधळपट्टी म्हणवत नाही.

राहिला तुंबण्याचा मुद्दा. मुंबईत पावसाचे पाणी आणि मलजल यांच्या व्यवस्था वेगळ्या आहेत. हाजी अली, इर्ला, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया ही पर्जन्यजल उदंचन केंद्रे. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी अडवून शहरातले पाणी बाहेर टाकणे हे त्यांचे काम. लव्हग्रोव्हला मात्र दोन्ही प्रकारची केंद्रे असल्याने गोंधळ होतो. पाणी साचले की लोक मलवाहिनीच्या मॅनहोलचे झाकण उचलतात, पावसाचे पाणी आत शिरते आणि मलजलाच्या मापाने बसवलेले पंप अपुरे पडतात.

त्या फिरत्या मजकुरातली एक तक्रार मात्र रास्त आहे: केंद्राजवळ दुर्गंधी येते. ओल्या विहिरीत, म्हणजे पंपांकडे जाण्याआधी मलजल जिथे जमा होते त्या टाकीत, ते फार वेळ साठले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, म्हणून तिचा आकार मलजल अर्ध्या तासाहून अधिक थांबू नये असा ठरवतात. पण चिंध्या, सॅनिटरी पॅड आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या जाळीवर चिकटतात; त्यातून निसटलेली चिंधी पंपाच्या पंख्याला गुंडाळली गेली की पंप बंद करून ती कापून काढावी लागते आणि तोवर विहिरीची पातळी चढत राहते. राखीव पंप आणि जनरेटर त्यासाठीच असतात. ते तपासले जातात का, शेवटची चाचणी कधी झाली, हे महापालिकेला विचारायलाच हवे.