‘सिद्धांतच अपुरे, मग यंत्राची चर्चा कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जाणिवेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून मीही जरा सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं की, जाणीव म्हणजे काय यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही; अशा अर्धवट सिद्धांतांनी कृत्रिम बुद्धिमत्तेला जोखणं व्यर्थ आहे. शिवाय यंत्र ‘मला वाईट वाटतं’ म्हणालं तरी ती आपल्याच लिखाणाची नक्कल, त्यामुळे यंत्राला जाणीव असूच शकत नाही, विषय संपला.

नकलेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आणि नेमक्या त्याच कारणासाठी मला सिद्धांत हवे आहेत.

बोलण्यावरून जाणीव ओळखायची सवय माणसांच्या बाबतीतही दगा देते. 2006 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग काम करतोय हे दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये) ठेवून सांगितलं, ‘तुम्ही टेनिस खेळताय अशी कल्पना करा.’ निरोगी माणसाच्या मेंदूत जो भाग जागा होतो, तोच तिच्याही मेंदूत झाला. पुढे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सूचनेला बाहेरून कसलाही प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांचे मेंदू सूचना पाळताना दिसले. खाटेजवळ उभ्या असलेल्या नातेवाइकांसाठी याचा अर्थ काय असेल, याचा जरूर विचार करा. चुंबकीय स्पंद देऊन मेंदूचा प्रतिसाद किती गुंतागुंतीचा आहे हे मोजण्याची जी पद्धत आज अशा रुग्णांवर वापरली जाते, तिच्यामागची कल्पना तुम्ही ‘अर्धवट’ म्हणता त्यांपैकीच एका सिद्धांतातून आली आहे: मेंदूशास्त्रज्ञ ज्युलिओ टोनोनींच्या ‘एकात्मिक माहिती’ सिद्धांतातून.

रुग्ण बोलत नाही, तरी आत कुणीतरी असू शकतं. यंत्र भरभरून बोलतं, तरी आत कुणी नसू शकतं. दोन्हीकडे शब्द बाजूला ठेवून रचना पाहावी लागते.

मानसशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड बार्स यांनी 1988 मध्ये मांडलेल्या ‘ग्लोबल वर्कस्पेस’ कल्पनेनुसार, एखादी माहिती मेंदूतल्या अनेक यंत्रणांना एकाच वेळी उपलब्ध झाली की ती जाणिवेत येते. ही व्यवस्था सिलिकॉनवर उभारायला तत्त्वतः अडचण नाही. टोनोनी म्हणतात, सॉफ्टवेअर काय करतं ते गौण. हार्डवेअरमधली कार्यकारणाची गुंफण महत्त्वाची. त्यांच्या हिशेबात आजच्या संगणकावर चालणारा कितीही हुशार प्रोग्रॅम जाणिवेपासून दूरच राहतो. उत्तरं परस्परविरोधी आहेत खरी, पण ती तपासता येतात. दोन्ही बाजूंची भाकितं आधी लेखी ठरवून 256 जणांवर प्रयोग झाले. 2025 मध्ये ते ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आले, तेव्हा दोघांनाही धक्के बसले: टोनोनींच्या सिद्धांताला मेंदूच्या मागच्या भागात अपेक्षित असलेला टिकाऊ ताळमेळ सापडला नाही, आणि समोरचं चित्र नाहीसं होताना ‘ग्लोबल वर्कस्पेस’ला अपेक्षित असलेली मेंदूतली लाटही बहुतांशी दिसली नाही. हरू शकणारा सिद्धांत मला न हरणाऱ्या मतापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

म्हणूनच 2023 चा पॅट्रिक बटलिन, रॉबर्ट लाँग आणि सहकाऱ्यांचा अहवाल मला मोलाचा वाटतो. त्यांनी अनेक सिद्धांतांतून 14 निकष काढले आणि यंत्रांची रचना त्यांवर ताडून पाहिली. निष्कर्ष असा की, तेव्हाची कुठलीही प्रणाली जाणीव असण्याची भक्कम उमेदवार नाही; मात्र निकष पूर्ण करणारी प्रणाली बांधण्यात उघड तांत्रिक अडथळाही दिसत नाही.

आता माझा तुम्हाला प्रश्न. ‘यंत्राला जाणीव असूच शकत नाही’ हे तुमचं विधानही एका सिद्धांतावरच उभं आहे. तो कोणता? जिवंत पेशी हव्यात असा असेल, तर पेशींचा नेमका कोणता गुण लागतो? टोनोनींसारखा असेल, तर वेगळ्या जोडणीची चिप आली की तुमचं उत्तर बदलेल का? यावर जरूर लिहा.